कडेला तीन खाचा

तीर्थस्वरूप थेक्लाआत्यास एग्बर्टचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी बंद केलेला खसखशीचा केक तू अजून चोरून खातेस, म्हणजे तब्येत ठीक आहे असं धरून चालतो. काल टपालाने एक पुडी पाठवली आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत ती उघडू नकोस (उघडली असशील तर बंद कर).

आजोबांचं जस्ताचं नाणं तू मला दिलंस त्याला सात महिने झाले. ते सुतारकाम कुठल्या गावी शिकले हे आपल्या नव्वदाव्या वाढदिवसाआधी कळावं, एवढीच तुझी इच्छा. पहिल्या महायुद्धात सुटे मिळेनात म्हणून गावोगावी अशी नाणी पाडली, ती ओळखण्यात माझी हयात गेली. पण यावर नुसतं 'नॉयश्टाट', म्हणजे नवं गाव. आपल्या देशात पाचशे वर्षं जुन्या गावालाही स्वतःला नवं म्हणवून घ्यायची हौस. मी एकवीस नॉयश्टाटना पत्रं लिहिली. एकोणीस जणांनी 'आमचं नव्हे' म्हणून कळवलं, एकाने सहलीचं माहितीपत्रक धाडलं आणि एकाने मला, आपण कोण, असं विचारलं.

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या गुरुवारी तुझी भाचेसून रोझविता बाजाराला गेली. दुकानातल्या ढकलगाडीची साखळी सुटायला एक युरो लागतो. तिने माझ्या टेबलावरचं त्याच मापाचं आजोबांचं नाणं उचललं. तेही चाललं असतं, गाडी जागेवर लावली की नाणं परत मिळतंच. पण बाहेर एक कुत्रेवाल्या बाई समोर आल्या, रीतीप्रमाणे त्यांनी गाडीच्या बदल्यात युरो पुढे केला, रीतीप्रमाणे गाडी त्यांना दिली गेली आणि गाडीबरोबर आजोबा गेले. तेव्हापासून मी रोज त्या गाड्यांत उभा असतो. शहाऐंशी गाड्या सोडवून पाहिल्या: प्लास्टिकच्या चकत्या, एक तुर्की नाणं आणि नळाचा वायसर. चौथ्या दिवशी दुकानाच्या व्यवस्थापकाने विचारलं, "काका, गाडी हवीय की नुसती सोबत?" झोप उडाली आहे, आत्या. रविवारी वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर नाणं मागशील, हा विचार पाठ सोडत नाही.

म्हणून पुडीत तसंच दुसरं पाठवलं आहे. खरं तर तुझा फायदाच झाला. तुझ्या नाण्याच्या कडेला तीन खाचा होत्या. माझ्या वहीत 'कडेला इजा, दर्जा तिसरा' अशी नोंद आहे. हे अगदी निर्दोष आहे. राग मानू नकोस.

तुझा भाचा,
एग्बर्ट

ता. क. पत्र रोझविताने वाचलं. तिचं म्हणणं, गुरुवारी ती दातांच्या डॉक्टरकडे होती, तेव्हा खरं काय ते लिही. लिहितो: गाडी मी ढकलत होतो. पुढे ती म्हणाली, "खाचांना इजा म्हणतोस? अरे, आजोबांनी लेकरामागे एक खाच घातली. पहिली तुझ्या बाबांची, तिसरी आत्यांची. दर नाताळात त्या सांगतात आणि दर नाताळात तू नाणं तिरकं धरून भिंग शोधत बसतोस." मी माझ्या बापाला इजा म्हणून नोंदवलं, आत्या. मला फार वाईट वाटतंय.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. रोझविताने दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती: तीन खाचा, तीन भावंडं. आज कुत्रेवाल्या बाई दारात आल्या. आठवडाभर नाणं त्यांच्या पर्समध्ये होतं, गाडीला छान बसतं म्हणाल्या. रविवारी स्वतः घेऊन येतो. गाव अजून सापडलेलं नाही.

ता. क. ३. पुडीतलं नाणं कृपा करून जपून ठेव. ते आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांचं आहे आणि त्यांना अजून ठाऊक नाही. शिवाय गाडीच्या कुलपात घासून आजोबांच्या नाण्याला चौथी खाच पडली आहे. वहीत तिची नोंद केलेली नाही. तुझी हरकत नसेल, तर ती माझी म्हणून राहू दे.