झबलं आणि गुडघ्याच्या गोळ्या

३ जानेवारी, सकाळ
लिहायला शिकले नाही, म्हणून मी बोलते आणि फोन लिहून घेतो. वाचताही येत नाही, त्यामुळे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.
संकल्प: गुडघ्याच्या गोळ्या बंद. ऑपरेशनला सात महिने झाले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या दिल्या होत्या, पण गुडघा माझा आहे, त्यांचा नाही. पुढच्या महिन्यात नातीचं बाळंतपण. ती नोकरीवर परत गेली की बाळ मी सांभाळायचं, असं ठरलंय. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता पणतवंडाचं झबलं.

५ जानेवारी
अंगाला कापरं, नाकाला धार. सर्दी झाली. दोन गोळ्या घेतल्या, सर्दी गेली. गुणाचं औषध आहे, एकदम सोडणं बरं नाही.

९ जानेवारी
हाडांचे डॉक्टर चिठ्ठी देईनात. फॅमिली डॉक्टरांकडून घेतली. एका डॉक्टरचं दुसऱ्याला सांगितलं नाही, उगाच माणसाच्या मनाला लागतं. झोपेसाठी ब्रँडी. दोनच झाकणं. झाकण मोठं आहे, त्याला मी काय करू?

१४ जानेवारी
झबलं झालं. सुनेनं उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाली, आई, डोकं कुठून घालायचं? मी गळाच शिवून टाकला होता. म्हटलं, नवी फॅशन. हसली नाही. हिला लग्नापासूनच विनोद कळत नाही.

२० जानेवारी, दुपार
गॅसवर दूध होतं. जरा डोळा लागला. लेक म्हणतो, पातेलं जळून कोळसा, खोलीभर धूर, तीन हाका मारल्या तरी तू हलली नाहीस. मी म्हटलं, पहिल्या दोन हळू मारल्या असशील. तो जमिनीवर बसला आणि रडला. पन्नाशीचा बाप्या! धूर गेला असेल डोळ्यांत.

२१ जानेवारी
नात आली, एवढं पोट घेऊन. म्हणाली, आजी, बाळ तुझ्याकडे ठेवणार नाही. मी म्हटलं, तुला मीच वाढवलं, एकदा तरी पाडलं का? ती म्हणाली, तेव्हा तू या गोळ्या घेत नव्हतीस.
मी झबल्याचा गळा उसवायला घेतला.

२४ जानेवारी
व्यसनमुक्ती केंद्रात आले. नुसती बघायला. सगळे दारुडे, मी एकटी सभ्य. नर्सनं विचारलं, दिवसाला किती गोळ्या? दोन म्हटलं. ती गप्प. चार म्हटलं. गप्पच. बाई फार चिवट. नऊ म्हटल्यावर पेन हललं. डॉक्टर म्हणाले, त्यावर ब्रँडी म्हणजे झोपेतच श्वास थांबला असता. यांना घाबरवायचाच पगार मिळतो.
फॉर्मवर अंगठा दिला. आठ दिवसांत घरी.

२ फेब्रुवारी
आठ दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, अजून निदान महिना. गोळी थोडी थोडी कमी करताहेत. गुडघा खरोखर दुखतो, हे मात्र कोणी लिहून घेत नाही.
ग्रुपमध्ये बोलायची पाळी आली. बिचाऱ्यांना चार शब्द समजुतीचे सांगावेत म्हणून उठले. तोंड उघडलं आणि लेकाचं रडणं आठवलं. खाली बसले. शेजारचा ट्रकवाला म्हणाला, मावशी, पहिल्या वेळी तर मी उठलोसुद्धा नव्हतो.

१७ फेब्रुवारी, दुपारी चार
नात बाळाला घेऊन आली. मुलगी. बारा दिवसांची. माझं सगळं पाठ होतं: बघ, ठणठणीत झाले, बाळ कधी आणतेस माझ्याकडे?
नातीनं आपणहून पुढे धरलं. म्हणाली, घे आजी.
हात थरथरत होते. थंडी आहे, म्हटलं. पंखा चालू होता.
मग म्हटलं, नको. पलंगावर ठेव, भिंतीकडच्या बाजूला. आणि तू इथेच बस. मला झोप लागेल.
तिनं खुर्ची ओढली.