साठ मिलीला एक चमचा

११ सप्टेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. बाप झालो आहे आणि बापाचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे स्पष्ट लिहायचं.

परिस्थिती अशी. ठकी आठ दिवसांची आहे. नाव अजून ठरायचंय, सध्या सगळे ठकीच म्हणतात. बायकोचं ऑपरेशन होऊन बाळंतपण झालं, टाके ओढतात, दूध यावं तेवढं येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर पाजत राहा आणि वर डब्याचं द्या. हॉस्पिटलच्या खालच्या दुकानातून निळा डबा घेतला. तीस मिली पाण्याला एक चमचा पावडर, म्हणजे साठच्या बाटलीला दोन. ठकी पिते, झोपते. वजनही थोडं चढलंय.

पण निळाच का? दुकानदाराने हातात ठेवला म्हणून? मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. साधा प्रायमरसुद्धा ट्रायलशिवाय पास करत नाही. आणि पोटच्या पोरीला असंच कुणीतरी दिलेलं काहीतरी पाजायचं?

संकल्प: बाजारातले डबे शास्त्रशुद्ध तपासून सर्वोत्तम तो निवडणे. दूध-खातं आजपासून माझं. हिने फक्त आराम करायचा.

१२ सप्टेंबर
निळ्या डब्यातला चमचा कारखान्यात नेऊन लॅबच्या काट्यावर तोलला. दहा वेळा सपाट भरला, दहाही वेळा जवळजवळ तेवढंच. असा चमचा नशिबानेच मिळतो. दांड्याला ड्रिलने भोक पाडलं, दोरी ओवली, ओट्यावरच्या खिळ्याला टांगला. खाली चिठ्ठी लावली: हात लावू नये.

सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, जावईबापू, मला वाचता येतं असं तुम्हाला वाटलं हे बरं वाटलं. टोमणा होता. सोडून दिला.

१४ सप्टेंबर
हिरवा डबा आणला. औषधवाला म्हणाला, सगळे हाच नेतात. हा साठ मिलीला एकच चमचा! निळ्याला दोन लागायचे, इथे निम्म्यात काम. म्हणजे माल सरस.

डब्यात त्यांचा स्वतःचा चमचा निघाला. मोठा, बेढब, फावड्यासारखा. डब्यावर ठळक लिहिलंय, आतलाच चमचा वापरा. चमचे खपवायची युक्ती, दुसरं काय. ट्रायलचा पहिला नियम: माप एकच ठेवायचं, माल बदलायचा. दरवेळी माप बदललं तर तुलना कसली करणार? त्यांचा चमचा मोरीत कपड्यांच्या पावडरीत टाकला. तिथे शोभतो.

दूध काचेवरून ओघळवून पाहिलं. सुरेख, पातळ, कुठे गुठळी नाही. निळ्याचं फारच दाट असायचं. एवढ्याशा पोटाला ते कसं झेपत होतं देव जाणे.

१६ सप्टेंबर
ठकी जास्त रडते. बाटली संपली तरी निपल सोडत नाही, नुसती हवा ओढत राहते. चव आवडली असणार. नोंद: हिरवा, चव, दहापैकी नऊ.

ही म्हणाली, भूक लागली असेल का गं हिला? मला नाही, तिच्या आईला. मीच उत्तर दिलं. मी बनवलेल्या चार्टप्रमाणे पूर्ण बाटली पोटात गेलीय, भुकेचा प्रश्नच येत नाही. रडणं हा व्यायाम आहे, फुफ्फुसं रुंदावतात. नॅप्या भरपूर ओल्या होतात, म्हणजे यंत्रणा चालू आहे.

१८ सप्टेंबर, दुपारी, कारखान्यात
वजनाला नेलं होतं. वाढलं नाही. उलट किंचित उतरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दूध कसं बनवता? सांगितलं, डब्यावर लिहिल्याबरहुकूम, सपाट चमचा, उकळून निववलेलं पाणी, आणि मी क्वालिटीत आहे. पुढे त्यांनी विचारलं नाही. माणूस कामातला आहे हे लोकांना कळतं.

त्या म्हणाल्या, आईने अंगावर जास्त वेळा घ्यावं. ही सगळा रस्ता रिक्षाच्या बाहेर बघत होती.

निष्कर्ष: हिरवा नापास. जे नऊ गुण दिले होते, ते खोडले.

१९ सप्टेंबर
सोनेरी डबा. महाग. डब्यावरचं बाळ चष्मा लावून पुस्तक वाचतंय. मेंदूचे घटक आहेत म्हणे. हाही साठला एक चमचा. सगळ्या चांगल्या कंपन्या साठला एकवर आलेल्या दिसतात, निळाच काय तो जुन्या जमान्यात राहिला. यातला चमचाही मोरीत.

सासूबाई म्हणाल्या, निळ्यावर पोर बरी होती, कशाला बदललं? त्यांना समजावलं की ते वाढलेलं वजन जन्मजात जोमाचं होतं, निळ्याचं कर्तृत्व नव्हे. त्या भिंतीला म्हणाल्या, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. भिंतीने ऐकून घेतलं. मीही.

२१ सप्टेंबर
ही जेवत नाही धड. आणि पुन्हा पुन्हा ठकीला पदराखाली घेऊन बसते, टाक्यांवर हात दाबून. आज शेजारीण आली, हिच्याकडे बघून म्हणाली, आईचंच दूध कमी पडलं की बाळ असं सुकतं. ही हसली. शेजारीण गेल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता.

मी दाराबाहेरून धीर दिला. म्हटलं, तुझ्याकडून कमी येत असेल तर त्यात तुझा दोष नाही, म्हणून तर मी सिस्टीम उभी केली आहे. नळ आणखी मोठा झाला. बाळंतिणीचं मन हळवं असतं.

२२ सप्टेंबर, दुपारी, कारखान्यात
आज मन प्रसन्न. एका कंत्राटदाराची तक्रार होती की आमचा रंग भिंत झाकत नाही, दोन हात मारले तरी खालचे डाग दिसतात. साहेबांनी मला साइटवर पाठवलं. पाच मिनिटांत पकडला. पठ्ठ्याने थिनर दुप्पट घातलेला! डब्यावर प्रमाण छापलंय, पण वाचतो कोण? त्याला सर्वांसमोर सुनावलं. माल उत्तम असतो, हात लावणारा गाढव असतो. नाचता येईना, अंगण वाकडं. साहेबांनी पाठ थोपटली.

घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, पोर रडून रडून निळी झाली होती, आत्ता डोळा लागलाय. सांगितलं, सोनेरीची अजून दोन दिवस ट्रायल आहे, मध्येच हात घालू नका.

२३ सप्टेंबर
नियमभंग. मी कामावर असताना सासूबाईंनी बाटली बनवली. माझा चमचा दोरीला टांगलेला उंच, त्यांचा हात पुरेना. मग मोरीतला तो सोनेरीवाला मोठा चमचा उचलला, घासला, उकळला आणि त्याने पावडर घातली. कपड्यांच्या पावडरीतला चमचा! माझं डोकंच फिरलं.

ठकी दुपारभर गाढ झोपली म्हणे. ओठाच्या कोपऱ्यात दूध तसंच, मुठी उघडलेल्या. ही पण शेजारी झोपली. मी घरी आलो तेव्हा घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मला भीतीच वाटली. नाकाशी बोट धरून पाहिलं.

हे निरीक्षण बाद. एकदाच झालेलं, मापाबाहेरचं, बिनप्रशिक्षित हाताने झालेलं. लॅबमध्ये असे आकडे आम्ही सरळ खोडतो. सासूबाईंना शांतपणे सांगितलं की पुन्हा असं होता कामा नये. त्यांनी विचारलं, पोर झोपली त्याचं काय? म्हटलं, योगायोग. तो चमचा परत मोरीत.

२५ सप्टेंबर
सोनेरीही नापास. आता पांढरा, खास नाजूक पोटाचा. औषधवाला मला बघताच उठून उभा राहतो. या डब्याच्या किमतीत माझा बुटांचा जोड आला असता. साठला एक.

वजनाचं काय, पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं. थोडा धीर धरायला हवा. घरात एकटा मीच धरून आहे.

२६ सप्टेंबर
सासूबाईंनी विणलेले मोजे ठकीच्या पायातून गळून पडतात. जन्मल्यावर घट्ट बसायचे. लोकर धुतल्यावर सैल पडते. वीणही तशी ढिलीच होती.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आज मी बराच वेळ बघत बसलो. पोटरी माझ्या अंगठ्याएवढी. अंगठा शेजारी ठेवून पाहिला. मग मोजे परत चढवले.

२७ सप्टेंबर
ठकी आज कमी रडली. पांढऱ्याची प्रगती म्हणावी. हिला सांगायला गेलो, तर ही पांढरीफटक. म्हणाली, ती रडत नाहीये कारण तिच्यात रडायचा जीव नाहीये. आणि मग म्हणाली, माझ्यातच काहीतरी खोट आहे, माझ्या अंगात विष आहे का, मी पाजते आणि ती वाळते.

असं काही नसतं, मी म्हटलं. चार्ट आणून दाखवावा असं मनात आलं, पण हात उचलला नाही.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी घाबरलो आहे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी आणा. वजन नसेल वाढलं तर ॲडमिट करू, रक्त तपासू. आणि येताना डबा, बाटली, सगळं सामान घेऊन या.

२८ सप्टेंबर
वजन आणखी उतरलं. सुईसाठी ठकीचा तळहात आधी नर्सने चोळून चोळून गरम केला.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यासमोर एक बाटली बनवा. मला हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी मी नीट करतो हे त्यांना दिसेल. खिशातून चमचा काढला, दोरी बाजूला केली, साठ मिली पाणी, एक चमचा सपाट. पट्टीसुद्धा नेली होती सपाट करायला.

त्यांनी डबा उचलून वाचला. विचारलं, हा चमचा याच डब्यातला का? मी म्हटलं नाही, हा निळ्या डब्यातला, तोललेला आहे. याचा चमचा कुठंय? म्हटलं मोरीत. का? मग मी त्यांना तत्त्व समजावायला लागलो. की माल बदलला तरी माप बदलायचं नाही, कारण निळ्याचा चमचा तीस मिलीचा आहे आणि

वाक्य तिथेच राहिलं. इथेही तसंच ठेवतो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हळू आवाजात सांगितलं की मोठ्या चमच्याचं माप आणि छोटा चमचा, म्हणजे पोरीला अर्धं दूध, अर्धं पाणी. दोन आठवडे. म्हणून नॅप्या ओल्या आणि पोट रिकामं. अशाने बाळाच्या रक्तातलं मीठ उतरतं, वेळेत आणलंत, असंही म्हणाल्या. तिथल्याच एका डब्यातून त्याच्याच चमच्याने नर्सने बाटली बनवली. ठकी प्यायली आणि पिता पिताच झोपली.

हिने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हणजे माझ्या दुधामुळे नाही? त्या म्हणाल्या, नाही हो, तुमच्याच दुधावर तर तगली ती. हिने पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ही तिच्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून भडाभडा रडली. मी समोर उभा. हातात तो चमचा. थिनरवाल्या कंत्राटदाराचा चेहरा आठवला. त्या दिवशी तो बिचारा मान खाली घालून उभा होता.

१ ऑक्टोबर
ठकी घरी आली. रक्त ठीक आहे. वजन चढतंय. निळा डबा परत सुरू. सासूबाईंनी ओट्यावरची चिठ्ठी काढून चुलीशेजारचं तेल पुसलं. जावईबापू म्हणणं बंद आहे. अहो म्हणतात, तेही भिंतीला.

दूध-खातं हिच्याकडे. निळ्याचा नवा चमचा नव्या डब्यातच राहतो. माझ्याकडे धुणं.

ही माझ्याशी बोलत नाही. ठकीशी बोलते, आईशी बोलते, औषधवाल्याशी फोनवर बोलते. मी खोलीत गेलो की झोपल्यासारखं करते. मी माफी मागायचं वाक्य चार वेळा जुळवलं. प्रत्येक वेळी त्यात कुठून तरी ट्रायल हा शब्द येतो.

५ ऑक्टोबर
ठकीचे मोजे गळत नाहीत. लोकर आवळली असणार असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

मोरीतले मोठे चमचे हिने फेकून दिले आहेत. कपड्यांच्या पावडरीच्या डब्यात आता माझा तोललेला, भोकवाला चमचा, दोरीसकट. आज बादलीभर लंगोट भिजवले, नेहमीसारखी एक चमचा पावडर टाकली, हात दुखेपर्यंत घासले. डाग तसेच. पिळून पुन्हा बघतो तर तसेच.

पाठीमागे ही दारात उभी होती, ठकीला खांद्यावर घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे.

म्हणाली, दोन टाक.