टीव्हीवरून बेतलेला झगा

१४ जुलै १९८१, मंगळवार

लंडनच्या मेफेअरमधल्या उंची शिवणघराच्या बाई ‘या’ म्हणाल्या! सहायक बेतणारी म्हणून. ऑक्टोबरपासून. उत्तर एकतीस तारखेपर्यंत द्यायचं.

त्यांच्या खोलीत उत्तरेकडून उजेड येतो. एक बाई एकाच बाहीवर दोन दिवस बसली होती — सगळी हातशिलाई. राजवाड्यात पहिल्यांदा मुजऱ्याला जाणाऱ्या मुलींचे झगे पूर्वी इथे व्हायचे. ती प्रथा बंद पडली, आता श्रीमंत घरच्या नवऱ्या मुली येतात. आम्ही ग्रीन लेन्सच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत पन्नास बाह्या उडवतो.

मला एकदा तरी एक बाही नीट करायची आहे.

कारखाना लोइझोसकाकांचा. त्यांना काय सांगू?

१५ जुलै

नाही सांगितलं.

१७ जुलै, शुक्रवार

ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मोठ्या दुकानातल्या मिस हॅडो येऊन गेल्या. राजघराण्यातलं लग्न येत्या बुधवार सोडून पुढच्या बुधवारी. नवरीचा झगा कुणी पाहिलेला नाही. त्याच दिवशी जो कारखाना त्याची पहिली बरी नक्कल आणून देईल, त्याला सगळ्या शाखांची ऑर्डर.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, “ही आमची क्रिस्टाला. टीव्हीवर बघून बेतेल!”

मला आधी विचारलंही नाही.

“मॅडमचे डोळे म्हणजे मोजपट्टीच,” मारुल्लामावशी मशिनवरून ओरडली. “एवढा मोठा झगा दिसेल. समोर उभा राहिलेला मुलगा तेवढा दिसत नाही!” सगळ्या हसल्या. मग म्हणाली, “काकांनंतर मालकीण तुम्हीच. आत्तापासून जरा आवाज चढवायला शिका.”

काकांनी कप उचलला. कॉफी प्यायले.

बाबा गेल्यावर सायप्रसहून मला इथे आणलं ते काकांनी. कात्री धरायला शिकवली, कॉलेजची फी भरली. त्यांना मूल नाही, काकूही आता नाही. गुडघे दुखतात, पण टेबलाशी उभे राहतात. आमच्याकडे बेतणारी मी एकटीच.

एवढं सगळं मला माहीत आहे. लिहून काय होणार.

२१ जुलै

मांजरपाटाच्या तीन चोळ्या, म्हणजे झग्याचं वरचं अंग, तयार — बंद गळा, चौकोनी, खोल. बाह्या दोन प्रकारच्या. त्या दिवशी जुळेल ती उचलायची.

मी फुगीर बाहीवर पैज लावते. काका म्हणाले, “राजवाड्यात असलं नाटकी कुणी घालत नाही.” पण किंग्ज रोडची पोरं दीड वर्षापासून समुद्री चाच्यांसारखे झालरीचे सदरे घालून फिरतायत. या देशात फॅशन आधी रस्त्यावर येते, मग राजवाड्यात, मग आमच्या टेबलावर.

काकांना आखूड स्कर्टांचे दिवस आठवले. स्कर्ट ठरलेल्या मापापेक्षा आखूड असला की तो कायद्याने लहान मुलीचा. मग त्यावर कर नाही! “घोडनवऱ्या बालवर्गाचे कपडे घेऊन जायच्या,” ते म्हणाले. “वीतभर कापडात घर चाललं, पोरी. आता बघ, आख्खा तागा लागेल.”

किती खूश होते. मी खाली बघून खडू मारत राहिले.

२५ जुलै, शनिवार

बायका गेल्यावर काकांनी दोघांची कॉफी केली. मी तोंड उघडलं.

“काही म्हणायचंय का?”

“पांढरा दोरा संपत आलाय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मापात मी चुकत नाही. बोलण्यात वाक्य सुरू कुठून करायचं तेच सापडत नाही.

२८ जुलै

बसवत नाही. कात्रीला दोनदा धार लावली, गरज नव्हती. रस्त्याभर पताका. हलूमी चीज-पाव अर्धा टाकला. उद्या झगा होऊ दे, मग सांगेन. झगा नाही झाला तरी सांगेन.

२९ जुलै, बुधवार

झाला!

सगळ्या देशाला सुट्टी, आम्ही सोडून. टीव्ही बेतण्याच्या टेबलावर. मी समोर, काका अँटेना धरून.

आधी नुसता काचेच्या बग्गीत कोंबलेला पांढरा ढीग. मारुल्लामावशी म्हणाली, “नवरी कुठाय? मला गादी दिसतेय.” मग ती उतरली. फुगीर बाह्या! खोल गळा, भोवती झालर, कोपराला फीत, बारीक कंबर. पाठचा घोळ संपेचना. बायका ‘आहा’ म्हणाल्या आणि मला आधी दिसल्या त्या सुरकुत्या. रेशमी टॅफेटा चुरगळला होता. झगा उभ्या अंगावर बसवला असणार. इतक्या कापडासकट बग्गीत बसवून कोण बघतं? तो झगा बेतणारी बाई कुठेतरी असेल. सगळं जग झगा बघतंय आणि तिला फक्त सुरकुत्या दिसत असतील. मला एकदम तिचा हात धरावासा वाटला.

“इस्त्री विसरले वाटतं,” मावशी म्हणाली.

“गप बस!” मी ओरडले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“चढला बाई आवाज,” मावशी म्हणाली.

टीव्हीवाला म्हणाला, घोळ पंचवीस फुटांचा. मी तेवढाच कागद पसरायला लागले तर मावशी म्हणते, “आमच्या नवऱ्या कॉर्टिना गाडीतून उतरतात, मॅडम. शेपूट काय डिकीत ठेवायचं?” बरोबर होतं. आखूड केला, हुकांनी सुटा होणारा.

झगा हस्तिदंती आहे, असंही तो म्हणाला. आमचे तागे पांढरेशुभ्र. निदान लेस तरी तशी दिसावी म्हणून काकांनी ती चहात बुडवली.

गळ्याची झालर मी उरेब, तिरकी कापली. कापड जास्त गेलं. काकांनी पाहिलं, लेस पिळत राहिले. मावशीने जोडली तेव्हा ती खांद्यावरून पाण्यासारखी उतरली.

ऑक्सफर्ड स्ट्रीटला जाताना व्हॅनमध्ये झगा माझ्या मांडीवर, नाकापर्यंत. रस्ते बंद, काका पोलिसांना ओरडतायत, “नवरी आहे आत!” आमच्या आधी एक कारखाना पोचला होता, पण त्यांचा गळा बंद. मिस हॅडो माझ्या झालरीवरून बोट फिरवत म्हणाल्या, “हा गळा कुणी केला?”

काका म्हणाले, “हिने.” मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

मी कसं सांगणार होते?

३० जुलै

ऑर्डर आम्हालाच. तीनशे झगे. सहा मापांत. सप्टेंबरअखेर माल पोचला पाहिजे, मग नाताळापर्यंत दुसरी खेप.

सहा मापं कोण पाडणार? काकांना आता बारीक रेघ दिसत नाही. मावशी शिवते, बेतत नाही. मी दिवसभर कुणीतरी तिसरं शोधलं. डोक्यातल्या डोक्यात. नाही सापडलं.

काका मात्र शांत. “होईल सगळं,” म्हणाले. “तू तुझं बघ.”

माझं काय बघू?

३१ जुलै, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या बूथमधून मेफेअरला फोन केला. मी नाही म्हणाले.

बाईंनी विचारलं, “नक्की?” मी म्हणाले, नक्की. आवाज स्थिर होता. दुसरी मुलगी थांबली आहे, तिला आजच कळवतील.

परत येऊन बारा नंबरचं माप पाडलं. रेघ सरळ आली.

३ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दोन अनोळखी माणसं मशिनं तपासत होती. काकांनी कारखाना जूनमध्येच विकलाय. ऑर्डर हाती आहे म्हणून बायका राहतील, तीनशे झगे नवा मालक त्याची माणसं लावून करेल.

“का?” मी विचारलं.

“तू जाणार म्हणून. त्या मेफेअरच्या बाईंनी जूनमध्ये मलाच फोन केला होता ना, मुलगी कशी आहे विचारायला. मी म्हटलं, घेऊन टाका.” त्यांनी माझी कात्री कापडात गुंडाळून पुढे केली. “तू कधी सांगतेस याचीच वाट बघत होतो, पोरी.”