चारच्या आत

७ फेब्रुवारी १९९९, रविवार
राजेंद्र नगरात नवी लॅब उघडली. काचेचं दार, एसी, टाय लावलेला पोरगा. वडिलांच्या तपासणीवर मुलाची तपासणी फ्री! पूर्वी साबणावर चमचा मिळायचा, आता बापावर मुलगा मिळतो. शंतनु चव्वेचाळीसचा, स्वतःचा कॉम्प्युटर क्लास चालवतो. पण फुकट म्हटलं की — "आई, छोडने का कशाला?" बाप-लेक उपाशीपोटी रक्त देऊन आले आणि कढईभर पोहे संपवले.

९ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. बाकी सगळं ठीक. पुरुषांना प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते, तिचा रक्तात आकडा निघतो — पीएसए. ह्यांचा ५.१, शंतनुचा ३.४. खाली छापलंय: चारच्या आत नॉर्मल. ह्यांच्या आकड्याखाली लाल रेघ. हे एकाहत्तर वर्षांचे. जेवण गेलं नाही म्हणे. म्हणजे तीनच पोळ्या.

१० फेब्रुवारी
बागेतल्या बाकावर सभा भरली. हे, चिंतामणराव, पांडुरंगराव — तिघेही एकाच मिलच्या विव्हिंग खात्यातले. मिल बंद पडली तेव्हापासून कोणी किती कापड काढलं हे सांगायची सोय गेली. आता पीएसए सांगतात. चिंतामणराव ६.२. "भिया, इथेही मीच पुढे!" पांडुरंगराव २.८, नवरदेवासारखे चालतात. आणि आमचे चिरंजीव बापाला उपदेश करतात, "बाबा, या वयात सांभाळायला हवं. मला बघा."

१३ फेब्रुवारी
चिंतामणरावांनी भोपळ्याच्या बियांचा डबा आणला. औषध म्हणे. खारींची चैन आहे.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरकडे मीही गेले. घरी येऊन हे खरं सांगणार नाहीत. डॉक्टर बाई निघाली — यशोधरा, आमच्या मुलीच्या वयाची. हे पाठदुखी सांगायला लागले. मीच खरं काय ते सांगितलं.

तिने तपासलं. म्हणाली, "काका, वयाबरोबर ही ग्रंथी वाढते, तसा आकडाही चढतो. सत्तरीत साडेसहापर्यंत सहसा घाबरत नाही आम्ही. हाताला गाठ लागत नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

ह्यांची छाती दोन इंच फुगली. "मग जरा आमच्या मुलाला सांगा. ३.४ घेऊन मिरवतोय."

तिचं लिहिणं थांबलं. "वय किती त्यांचं?"

"चव्वेचाळीस."

"चाळिशीत अडीचच्या आत हवा, काका. उद्या घेऊन या त्यांना."



१७ फेब्रुवारी
शंतनु वैतागला. "अरे यार, नॉर्मल छापलंय ना!" छापलंय खरं. त्या लॅबवाल्याने चपलांचं दुकान काढलं असतं तर एकच माप ठेवलं असतं. गेला शेवटी. डॉक्टरच्या हाताला काहीतरी कडक लागलं. रक्त परत घेतलं.

२३ फेब्रुवारी
३.६. तुकडा काढून तपासायचा आहे. सूनबाईने मला विचारलं, "आई, घाबरण्यासारखं काही नाही ना?" मी नाही म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं.

२ मार्च
तुकडा काढला. बाकावर पांडुरंगराव म्हणाले, "३.६ म्हणजे काहीच नाही, टेंशन मत लो." हे त्यांच्यावर ओरडले. ज्याच्याशी चाळीस वर्षांत भांडण नाही, त्याच्यावर.

९ मार्च
कॅन्सर आहे. लहान आहे, ग्रंथीच्या बाहेर गेलेला वाटत नाही, ऑपरेशनने निघेल असं डॉक्टर म्हणाल्या. शंतनु मान हलवत ऐकत होता.

हे खुर्चीवरून उठले. "लॅबवाल्यांनी रिपोर्टांची अदलाबदल केलीय, बाई. मोठा आकडा माझा होता. नीट बघा, मलाच असेल."

"काका, बसा," त्या म्हणाल्या.

हे बसले नाहीत.