बिनभावाचे दिवस

८ फेब्रुवारी २०११, मंगळवार

क्रांतीच्या धामधुमीत शेअर बाजार बंद होऊन आज दहा दिवस. आपल्याकडे पिंड ठेवला असता. कावळा काही शिवला नसता.

राम्ल स्टेशनजवळच्या दलालाच्या पेढीत डोकावलो. भावांचा पडदा काळाकुट्ट. तरी नेहमीचे सात-आठ म्हातारे त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलेले. बघत होते! काय, ते त्यांनाच ठाऊक. एकानं चष्मा पुसून पुन्हा लावला.

त्यांतच आमचे घरमालक अम्म लमई, म्हणजे लमईकाका. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं कापसाचे पारखी — बोंडातला पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि प्रत सांगायची. घरी बायको, तांत ओदेत — तांत म्हणजे काकू. तिचा उजवा गुडघा बदलायचाय. शस्त्रक्रिया १० एप्रिलला, खर्च चाळीस हजार पौंड. सगळी पुंजी एकाच जागी : नजमा जिनिंग कंपनीचे तीन हजार शेअर. तांतच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेले. शेवटचा भाव एकवीस. शेवटचा म्हणजे बाजार बंद होण्याआधीचा.

"उस्ताज, तुम्ही पेपरात बाजारावर लिहिता. आज आमच्या कागदांची किंमत काय?"

"आज किंमतच नाही, अम्म लमई."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नव्हे. नाही!"

 न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानतात. पाठशाळेत शास्त्रीबुवा हे घसा फोडून सांगत, तेव्हा मी खिडकीतून चिंचा मोजत असे. शास्त्रीबुवा, तुमचा अभाव मला शेवटी अलेक्झांड्रियात भेटला.

१३ फेब्रुवारी, रविवार

राष्ट्राध्यक्ष पायउतार होऊन दोन दिवस झाले, शहर अजून नाचतंय. गाड्यांचे भोंगे थांबत नाहीत. आणि पुण्याहून संपादकांचा फोन — "बाजार नक्की कधी उघडणार?" जणू किल्ली माझ्या कडदोऱ्याला बांधली आहे!

संध्याकाळी वर चहाला गेलो, तर फतही दलाल आधीच बसलेला. पडद्याबाहेरचा सौदा करतोय सध्या. साधा कागद, दोन सह्या, रोख पैसे. नजमाला देतो म्हणाला नऊ.

"नऊ? अरे, एकवीस होता!"

"होता, अम्म लमई. होता! बाजार उघडल्यावर पाच मिळाले तर मला फोन करा, येऊन तुमचे हात चुंबीन."

अम्म लमईंचा चेहरा उतरला. मग सगळे माझ्याकडे वळले. बाजारावर लिहिणारा ना मी! बावीस वर्षं या शहरातून पेढ्यांची, कंपन्यांची बातमीपत्रं लिहितोय. एक शेअर कधी विकत घेतला नाही. माझं जे काही आहे ते पोस्टात.

"विकू नका," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! जसं काही "चहात साखर नको."

तांत ओदेत मटार सोलत होती. तिनं मान वर केली ती फतहीकडं. "आईचा खोकला कसा आहे रे तुझ्या?"

१४ फेब्रुवारी, सोमवार

तीन हजारांचे नऊ भावानं सत्तावीस हजार. त्यांत गुडघा बसत नाही. पण कवडीमोल झाले तर बोटसुद्धा बसणार नाही. कशाला बोललो मी!

२१ फेब्रुवारी, सोमवार

आज दमनहूरला जाऊन आलो. नजमाचा कारखाना बघायला! कल्पना अम्म लमईंची.

दारात उभे राहिले तेव्हा ओळखलंच नाही. दाढी गुळगुळीत, टाय, बुटांना पॉलिश. गाडीत मी सहज म्हणालो, "एकवीसचा भाव होता, तो—" त्यांनी हात वर केला.

"भाव बोलायचा नाही! आमच्या पारखीच्या खोलीत भाव बोलायची बंदी होती. माल कोणाचा, भाव काय, पारख्याला सांगायचं नाही. भाव कानावर पडला की बोटं खोटं बोलतात, उस्ताज. आणि मी मूर्ख! निवृत्त झाल्यापासून रोज पडदा बघत बसलो. कंपनी कशी आहे, एकदाही नाही बघितली. आता पडदा बंद आहे ना? आता दिसेल."

हे वाक्य पेपरला पाठवावं का? नको. माझं म्हणून छापतील आणि मला लाज वाटेल.

कारखान्याच्या व्यवस्थापकानं चहा दिला, ताळेबंद पुढं सरकवला. अम्म लमईंनी तो चहाच्या पेल्याखाली घेतला आणि विचारलं, "उत्तरेची खिडकी कुठाय?" कापूस उत्तरेच्या उजेडातच बघतात, ऊन पडलं की सगळाच माल गोरा दिसतो. गाठीच्या पोटात हात घालून पुंजका काढला. बाहेरच्या थराला हातही लावला नाही — "तोंड सगळेच धुऊन येतात." ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. डोळे मिटले. मग निकाल : "फुली गुड फेअर!"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगी द्यायला हरकत नाही. फार मिरवू मात्र नये."

तोवर मी अंगणात हिंडत होतो. एका बाजूला कालवा, तीन बाजूंना सात-सात मजल्यांच्या नव्या इमारती, आणि मध्ये हा बैठा कारखाना, पाय पसरून बसलेला. जमीन किती, व्यवस्थापकाला विचारलं. अकरा फद्दान, कंपनीच्या मालकीची. अकरा एकरांहून थोडी जास्तच!

परतताना सांगितलं.

"जमीन? कसली जमीन?"

"जिच्यावर उभं राहून तुम्ही आज तासभर कापूस ओढत होतात, ती."

वाटेतलं कफ्र अद्-दव्वार मागं पडलं. मग कपाळावर हात मारला. "कापूस बघताना खाली बघायचं नसतं हो! खाली नुसता कचरा असतो!" आणि हसत सुटले. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

२८ फेब्रुवारी, सोमवार

अम्म लमई रोज दाढी करायला लागलेत हल्ली. सकाळी दुसऱ्या कंपन्यांची पारख करायला जातात. काल म्हणे साबणाच्या कारखान्याबाहेर उभं राहून निघणाऱ्या गाड्या मोजल्या.

१ मार्च, मंगळवार

बाजार उघडणं पुन्हा पुढं ढकललं. पारखी असले तरी अम्म लमई नवराही आहेत — घाबरले. फतही अकरावर आलाय. "अर्धे तरी विकू, उस्ताज. तिचा गुडघा कापसाचा नाही."

मी चहातली साखर ढवळत राहिलो. यावेळी सल्ला नाही.

कागद लिहून झाला. फतहीनं पेनचं टोपण काढून तांत ओदेतच्या हातात दिलं. तिनं ते टोपण लावून परत केलं.

"कालपासून ईस्टरआधीचा मोठा उपवास लागलाय. उपवासात मी सौदा करत नाही."

फतही, "तांत, तुमचा उपवास दूधमांसाचा असतो. शेअरांचा कुठं असतो?"

"माझा असतो."

"ओदेत, पन्नास वर्षांत कधी ऐकलं नाही हे!"

"पन्नास वर्षांत विकायला होतं काय आपल्याकडं?"

फतही टोपण हातात फिरवत जिना उतरला. उपवास सुटणार २४ एप्रिलला. शस्त्रक्रिया १० एप्रिलला. मी बोटांवर दोनदा मोजलं आणि तिच्याकडं पाहिलं. ती माझ्या पुढ्यातल्या फूलवर, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांवर, जिरं भुरभुरत होती. "खा. नुसता विचार करून गार होतं."

६ मार्च, रविवार

जिन्यात पाद्री भेटले, अबूना सरगियूस. विचारून घेतलं : उपवासात सौदा वर्ज्य, असा काही नियम? त्यांनी दाढी कुरवाळली. "नाही बुवा. पण तांत ओदेतनं काढला असेल तर आजपासून आहे."

२३ मार्च, बुधवार

उघडला!

पेढीत पाय ठेवायला जागा नाही. कॉलेजची पोरं शंभर-शंभर पौंड घेऊन आलेली, देशासाठी शेअर घ्यायला. पडदा पेटला आणि लाल झाला, बस. काही वेळानं व्यवहारच थांबवले. मग पुन्हा सुरू, पुन्हा लाल. नजमा अठरा नव्वद. पण तो भाव म्हणजे भिंतीवरचं चित्र — विकणारे शेकडो, घेणारा एक नाही.

अम्म लमई शांत. कोटाच्या खिशात दमनहूरचा पुंजका. तो अंगठ्यानं चोळत बसलेले. शेजारचा म्हातारा रडकुंडीला आलेला, त्याला म्हणाले, "माल फुली गुड फेअर आहे, हाजीसाहेब. खाली अकरा फद्दान आहेत. पडद्याला उत्तरेची खिडकी नाही, तो तरी काय करील?"



२४ मार्च, गुरुवार

नजमा सतरा. आजही घेणारा नाही. आज-उद्या कंपनीची लायकी जग ओळखेलही, पण दहा एप्रिलच्या आत? फतहीचे अकरा हलके होते, पण रोख होते. आणि मी म्हणालो, "विकू नका"! सत्तरीची बाई जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरते. तो आवाज मला खाली ऐकू येतो.

दुपारी पोस्टात गेलो. होतं नव्हतं ते काढलं. एकतीस हजार. उरलेल्यासाठी संपादकांना आगाऊ मानधन मागीन. बाजार उघडल्याचा आनंद त्यांनाही होऊ दे.

२६ मार्च, शनिवार

पाकीट घेऊन वर गेलो. अम्म लमई बाहेर — सिमेंटच्या कारखान्याची पारख! तांत ओदेतनं पाकीट उघडलंसुद्धा नाही. शिवणाच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. रुग्णालयाची पावती. चाळीस हजार, पूर्ण भरले. तारीख २० जानेवारी!

"तांत! म्हणजे शेअर—?"

"विकले. सगळे, बावीसनं. उरलेले तुझ्याच पोस्टात आहेत. त्याला विचारलं असतं तर त्यानं नजमा जन्मात विकू दिली नसती. सांगणारच होते, तोवर बाजार बंद झाला. आणि मग हा उठला, दाढी केली, टाय शोधला — निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा." तिनं पावती डब्यात ठेवली, वर रिळं रचली. "गुडघा झाला की सांगेन. तोवर कोणाला बोलू नकोस. पोटात राहत नसेल तर तुझ्या त्या वहीत लिही, पोरा. या गल्लीत मराठी कोणाला वाचता येतं?"