जल्लादासाठी हुर्यो

बाबा, काल काकांचा सत्कार झाला. तेच काका, ज्यांनी रिंगणात तुम्हाला आयुष्यभर हरवलं. इथे मनीषनगरात, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका हॉलमध्ये होता. आमंत्रण द्यायला आलेली मुलं म्हणाली, "मावशी, जल्लाद म्हणजे तुमचेच बाबा ना? मग दोन शब्द तुम्ही पण बोला." मी हो म्हटलं, त्यांना चहा पाजला आणि दार लावलं. दोन शब्दांत सांगायचं काय? खरं सांगावं तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो. शब्द पाळावा तर तुम्ही सगळ्या जगासाठी कायमचे हरलेले राहता. आठवडाभर मी हाच घोळ घालत होते. भाजी करपली, दूध उतू गेलं, आणि तुमचे जावई म्हणाले, "तू बोलूच नको, नुसती बसून राहा." त्यांना सोपं आहे.

तुम्ही मूळचे मातीतले पैलवान. लग्नानंतर तंबूत फ्री स्टाईल कुस्त्या दाखवणाऱ्या कंपनीत गेलात, कारण मातीतल्या कुस्तीत नाव होतं, पण घर चालत नव्हतं. कंपनीला एक देखणा जिंकणारा हवा होता आणि एक भेसूर हरणारा. काका देखणे होते. तुम्ही मिशा वाढवल्या, डोळ्यांत काजळ घातलं आणि पोस्टरवर जल्लाद झालात. दुपारी आपल्या अंगणात जुन्या गाद्या अंथरून तुम्हा दोघांचा सराव चालायचा. काका मागच्या बोळातून यायचे. जल्लादाच्या घरी हिरो जेवतो हे कुणी पाहिलं असतं तर तंबू ओस पडला असता. कोण कुठून उडी मारणार, कोण कसा पडणार, सगळं तिथे ठरायचं. पडण्यावर तुमचा फार जीव होता. "मारणं कोणालेबी येते," तुम्ही काकांना सांगायचात, "पडता आलं पायजे." आई आत बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करायची आणि काका लाजत लाजत पुन्हा वाढून घ्यायचे.

अशाच एका दुपारी काकांना सुरसुरी आली. "भाऊ, आज एकडाव खरी होऊन जाऊ दे." तुम्ही म्हणालात, "काहून हाडं मोडून घेतं गा?" काका ऐकेनात. तुम्ही लुगड्याची घडी घालावी तितक्या सहज त्यांना उचललं आणि गादीवर ठेवलं. हो, ठेवलंच. आपटलं नाही. काका उताणे पडून आभाळ बघत होते आणि आई दारात पळी हातात घेऊन हसत होती. तिला इतकं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. "वहिनी, कोणाले सांगू नका," काका म्हणाले. तुम्ही मात्र माझ्याकडे वळलात. "हे अंगणाच्या बाहेर नाही गेलं पायजे वं. मी मेल्यावरबी नाही." मी मान हलवली. तोच तो शब्द.

आणि उमरेडचा तो खेळ. काका सकाळच्या एसटीने गेले, आपण नंतरच्या, कारण तुम्ही दोघं एका बसमध्ये कधीच बसत नव्हता. स्टँडवर उतरल्यावर तुम्ही आमच्याशीही बोलणं बंद केलं. आई तंबूत मागे तोंड फिरवून बसली आणि मी माणसांच्या पायांतून सरकत पार पुढे गेले. अजून दिसतं मला. काका कोपऱ्यातल्या दोरावर चढतात, लोक शिट्ट्या मारतात, आणि उडी मारताना त्यांचा पाय निसटतो. ते डोक्यावर खाली येतायत. ठरल्याप्रमाणे तुम्ही मागे सरकायचं आहे. तुम्ही पुढे येता आणि त्यांना छातीवर घेता. लाकूड मोडल्यासारखा आवाज होतो. मी किंचाळते, "बाबा!"

सगळा तंबू गप्प झाला. जल्लादाला पोरगी आहे म्हटल्यावर त्याचा राग कसा करायचा, हे लोकांना कळेना. तुम्ही दोराला धरून उठलात, माझ्यावर डोळे वटारले आणि गरजलात, "ए पोट्टी! कोणाले बाबा म्हणून राहिली वं? मी कोणाचाच बाप नाही!" बस्स, तंबू पेटला. शेंगांची टरफलं आली, एक चप्पल आली. शेजारच्या म्हातारीने मला मांडीवर ओढलं आणि तुम्हाला अशा शिव्या घातल्या की मी रडायचं विसरले. मग काकांनी तुम्हाला ठरल्यासारखं हरवलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही बरगडी दाबून बसला होता आणि आई खिडकीबाहेर बघत होती. घरी हळदीचा लेप लावताना तुम्ही मला समोर बसवलं. "रिंगणात तुहा बाप नाही राहत, जल्लाद राहते. लोक त्याची हुर्यो करतात म्हणून आपली चूल पेटते. पुढच्या वेळी तूबी कर." मी हिरमुसले, तर म्हणालात, "आवाज मात्र दमदार हाय तुहा."

त्यानंतर माझ्याइतकी जोरात हुर्यो कुणी केली नाही. घरी आल्यावर तुम्ही मिशांतून हसत म्हणायचात, "ऐकू आली बरं." टाळी तुमच्यासाठी मी एकदाही वाजवली नाही. बरगडी बरी झाल्यावर तुम्ही मला सँडल घ्यायला सीताबर्डीला नेलं. दुकानात एक बाई तुम्हाला ओळखून कुजबुजली, "बाप्पा, याच्या घरी लेकरं कशी राहत असतीन?" तुम्ही तिच्याकडे बघून दात विचकले. ती पिशवी सोडून पळाली. मग खाली बसून तुम्ही माझ्या सँडलचा पट्टा लावलात आणि विचारलंत, "टोचते का वं?" मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं होतं की बघा, हा माझा बाप आहे, आणि हा कुणालाही चीत करू शकतो.

तुम्ही गेलात त्या दिवशी काका रस्त्यापलीकडे उभे होते. घरासमोर गर्दी होती तोवर आत आले नाहीत. ती पांगल्यावर मागच्या बोळातून आले, पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

काल मात्र ते स्टेजवर होते. पाठ वाकली आहे. शाल घातली, नारळ दिला, भाषणांतून अजिंक्य, अजिंक्य असं चाललं होतं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने लाडात येऊन विचारलं, "काका, जल्लाद खरंच इतका कच्चा होता का हो?" हॉल हसला. काका हसले नाहीत. त्यांनी माईक हातात घेतला, गर्दीत मला शोधलं आणि म्हणाले, "जल्लाद... तुमाले सांगतो, तो माणूस..." आणि अंगावरची शाल काढून बाजूला ठेवली. मला कळलं, हे आता सगळं ओकणार. अंगण, गाद्या, उमरेड, सगळं. मला तेच तर हवं होतं ना आठवडाभर? माझ्या तोंडून नाही, त्यांच्या तोंडून, म्हणजे माझा शब्दही राहिला असता. पण तुम्ही बरगडी मोडूनही जे मोडू दिलं नव्हतं, ते या हारतुऱ्यांत मोडणार होतं. मी उठले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडले, "हुर्योऽऽ!"

तुमचे जावई माझा पदर ओढत होते. सगळा हॉल वळून बघत होता. काका माझ्याकडे बघत राहिले. मग, बाबा, त्यांची पाठ सरळ झाली. मूठ वर गेली. "कुठं हाय तो जल्लाद?" ते गरजले. "आना त्याले माह्यासमोर!" मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकदम सगळं आठवलं. त्यांनी हुर्यो सुरू केली, बायकांनी केली, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही त्या पोरांनीही केली. सगळा हॉल तुमच्या नावाने ओरडत होता आणि काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझे दोन शब्द राहूनच गेले. निघताना त्यांनी माझा हात धरला. "आवाज अजून तसाच हाय वं तुहा," एवढंच म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटात साड्यांखाली राहील. एक तेवढं सांगते. काल हॉलमध्ये उठून उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडात आधी "बाबा" आलं होतं. ऐनवेळी गिळलं आणि हुर्यो केली.