झाडं की हापसा

तांडा, ता. सेनगाव
१८ जानेवारी २००८

चि. प्रेमदासला मिनाताईचा आशीर्वाद.

तुझं परदेशातून आलेलं पत्र परवा मिळालं. तिकडच्या बर्फाचं वाचून दाखवलं तर याडी बऱ्याच दिवसांनी हसली. आईच ती, म्हणाली, "लेकरू गारठून राहिलं असंल, त्याला घोंगडी धाडा." आता ती माझ्याकडंच असते. तुझे दाजी तुरीच्या कामात आहेत. ढगाळ हवेनं यंदाही फुलोरा गळाला. हवा बिघडली असं तू सांगतोस, ते मी कधी खोटं म्हटलं नाही.

तू गायरानातल्या झाडांचं विचारलंस. झाडं चांगली आहेत. कडुलिंब, करंज खांद्याला लागले. भोवती चर खोदलाय, राखणदार कुणाला आत जाऊ देत नाही. बायांनाही नाही.

तिकडच्या लोकांना दाखवायला तुझ्या भाच्याचा, जगनचा झाडापाशी उभा असलेला फोटो मागितलास. ते वाचलं तेव्हा कळलं, तुला निरोप पोचलाच नाही. आम्ही तुझ्या ऑफिसात फोन लावला होता. "कळवतो," म्हणाले होते.

आधी तुला त्या नाईकाच्या ओट्यावरच्या बैठकीची आठवण करून देते. रुख्मिणीबाई उठून बोलली होती, "आमाला बोअर मारून हापसा द्या. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी इहिरीत उतरतं." तू संस्थेकडून आला होतास, म्हणालास, "मावशी, हा पैसा फक्त झाडांसाठी आलाय. दुसऱ्या कशाला वापरता येत न्हाई. जग तापून राहिलं, पुढच्या पिढीचा विचार करा." तांड्याचा शिकलेला पोरगा सांगतोय म्हणून सगळ्या गप बसल्या. मला तर तुझा अभिमान वाटला.

गेल्या पावसाळ्यात तांड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. नर्सबाई म्हणाली, पाणी उकळून प्या. सरपण आम्ही गायरानातूनच आणायचो, ते चर खोदल्यापासून बंद. होतं तेवढं चुलीत घातलं, मग तसंच पाणी प्यालो. जगन सकाळी मैतरांबरोबर खेळला आणि दुपारी त्याचे डोळे खोल गेले. जीप मिळाली, पण चिखलात रुतली. दाजींनी त्याला खांद्यावर घेतलं. हिंगोलीचा दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

एवढंच लिहायला मला दोन दिवस लागले.

दिवाळीनंतर सरपणाचं बोलायला मी तुमच्या संस्थेच्या ऑफिसात गेले. सत्यशीलाबाई भेटल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांनी पाणी दिलं, बसवलं. त्याच म्हणाल्या, "ताई, तुमच्या तांड्यानं तेव्हा पाणी घेतलं असतं तर बरं झालं असतं."

"पैसा तर झाडांचाच होता ना?"

"न्हाई. पाणी की झाडं, एक निवडायचं होतं. प्रेमदासनं कळवलं, तांडा झाडं म्हणतोय."

"मग आमाला काहून न्हाई विचारलं?"



तेव्हापासून मी तुझ्या बाजूनं विचार करून पाहिला. पैसा दोन्हीला पुरत नसेल, तर आधी कशाला द्यायचा हे कुणाला तरी ठरवावं लागतं. हापसा बिघडतो, झाड टिकतं, हेही खरं असेल. पण हे ठरवणारा तू पुण्यात नळाचं पाणी पीत होतास. आणि तू आमची निवड नुसती हिरावून घेतली नाहीस, आमच्या नावानं खोटीच कळवलीस. पुढची पिढी म्हणालास, ती माझ्या मांडीवर होती.

तिकडच्या लोकांनी झाडांबद्दल तुला शाबासकी दिली असं लिहिलंस. त्यांना जगनबद्दलही सांगशील का? सांगशील असं मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेची माणसं पुन्हा येणार आहेत. या वेळी मी आणि रुख्मिणीबाई बोलणार आहोत. आम्ही हापसा मागू. झाडं तोडा असं कुणी म्हणणार नाही, पण सरपणाला वाट मागू. त्या बैठकीला तू येऊ नकोस.

घरी मात्र ये. सत्यशीलाबाईंनी जे सांगितलं ते मी याडीला सांगितलेलं नाही. रोज सांजच्याला ती विचारते, "त्या येळी हापसा काहून न्हाई मिळाला?" उत्तर तू तिच्यासमोर बसून दे.

जगनची आई,
मिना